प्रकल्पासाठी रॉ घ्यावी की सीआयए?

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाचे विषय ठरायला लागले की राज्यशास्त्राची दोन-चार मुलं तरी हा प्रश्न घेऊन येतातच. परराष्ट्र गुप्तचर संस्थेची जडणघडण आणि भूमिका, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलेलं असतं. घोडं अडतं ते पुढे: भारताची रॉ घेऊ की अमेरिकेची सीआयए? राजारामपुरीतल्या अभ्यासिकांत यूपीएससीची तयारी करणारी मुलंही निबंधासाठी हेच विचारतात. एम.फिल.ला असताना मी स्वतः याच दोन नावांमध्ये अडकलो होतो आणि त्यातून एक निवडलं होतं, म्हणून अनुभवातलं लिहितो. मुख्यालय कुठे, प्रमुखाला काय म्हणतात, आजचे प्रमुख कोण, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

यादीत ब्रिटनची एमआय-सिक्स आणि इस्रायलची मोसादही असतात, त्यांचा निकाल आधी लावू. एमआय-सिक्सचा उगम १९०९ चा, पण ब्रिटिश सरकारने ही संस्था आहे हे जाहीरपणे मान्य करायला १९९२ उजाडलं आणि तिला कायद्याचा आधार मिळाला तो १९९४ मध्ये. २०१० मध्ये त्यांनी अधिकृत इतिहास प्रसिद्ध केला, तो १९४९ पाशी थांबतो. म्हणजे शीतयुद्ध सुरू होतं तिथे तुमचं साधन संपतं. मोसादची स्थापना डिसेंबर १९४९ ची. तिच्यावर लिहायचं तर हिब्रू हवी, नाहीतर पत्रकारांनी रंगवलेल्या मोहिमांवरच भिस्त. कोल्हापुरात बसून वर्षभरात पुरं करायच्या प्रकल्पाला हे दोन्ही परवडत नाही. उरल्या दोन.

उगमापासून सुरुवात करू, कारण तिथे दोघींचं बरंच साम्य आहे. दोन्ही संस्था अपयशाच्या पोटी जन्मल्या. आपल्याकडे १९६८ पर्यंत देशाबाहेरची आणि देशातली अशी दोन्ही कामं इंटेलिजन्स ब्युरोच करत होता. या ब्युरोचा पाया ब्रिटिशांनी १८८७ मध्ये घातला, आणि त्यांची नजर मुख्यतः इथल्याच माणसांवर होती. स्वातंत्र्यानंतर त्याच यंत्रणेकडून हिमालयापलीकडच्या चिनी हालचाली कळाव्यात अशी अपेक्षा ठेवली गेली. १९६२ मध्ये काय झालं ते सांगायला नको. १९६५ च्या युद्धातही पाकिस्तानच्या तयारीची वेळेवर, नेमकी माहिती मिळाली नाही ही लष्कराची तक्रार राहिली. अखेर २१ सप्टेंबर १९६८ ला इंदिरा गांधींनी बाहेरचं काम ब्युरोतून वेगळं काढलं, मंत्रिमंडळ सचिवालयाखाली नवी शाखा उभी केली आणि ती रामेश्वरनाथ काव यांच्या हाती सोपवली. के. शंकरन नायर हे त्यांचे उजवे हात.

काव या माणसाबद्दल दोन ओळी जास्त लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९५५ मध्ये बांडुंग परिषदेसाठी निघालेलं एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान बॉम्बस्फोटामुळे समुद्रात कोसळलं. त्यातून चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय जाणार होते अशी चर्चा होती. त्या तपासात भारताच्या बाजूने काव होते. पुढे घाना स्वतंत्र झाल्यावर एन्क्रुमांच्या सरकारला गुप्तचर यंत्रणा उभी करून द्यायला तेच गेले. चीन युद्धानंतर हवाई टेहळणीसाठी अमेरिकेच्या मदतीने उभ्या राहिलेल्या एव्हिएशन रिसर्च सेंटरचं कामही त्यांच्याकडेच होतं. इतकं काम केलेल्या माणसाने स्वतःबद्दल जाहीरपणे जवळपास काही सांगितलं नाही. रॉवर लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच प्रकरणात या माणसाचा लळा लागतो. मलाही लागला होता.

अमेरिकेचं अपयश म्हणजे ७ डिसेंबर १९४१ चं पर्ल हार्बर. माहितीचे तुकडे वेगवेगळ्या खात्यांकडे होते, ते एकत्र जोडणारं कोणी नव्हतं. जून १९४२ मध्ये विल्यम डोनोवन यांच्या नेतृत्वाखाली ओएसएस ही युद्धकाळातली गुप्तचर संस्था निघाली, युद्ध संपल्यावर अध्यक्ष ट्रुमनने ती बरखास्तही करून टाकली. मग १९४६ मध्ये एक छोटा मध्यवर्ती गट आणि २६ जुलै १९४७ ला राष्ट्रीय सुरक्षा कायद्यावर सही. त्यातून सीआयए.

इथे दोघींच्या वाटा वेगळ्या होतात, आणि प्रकल्पाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. सीआयए संसदेने केलेल्या कायद्यातून आली. आपल्याच देशात हिटलरच्या गुप्त पोलिसांसारखी गेस्टापो तयार होईल ही भीती तेव्हा अमेरिकी वर्तमानपत्रांत उघड मांडली जात होती, म्हणून कायद्यातच लिहिलं गेलं की या संस्थेला पोलिसी अधिकार नाहीत, समन्स काढता येणार नाही, देशांतर्गत सुरक्षेचं काम नाही. पाच कामं नेमून दिली. पाचवं कलम मात्र सैल ठेवलं: राष्ट्रीय सुरक्षा परिषद वेळोवेळी सांगेल ती इतर कामं. त्या एका कलमाच्या फटीतून पुढचा सगळा इतिहास आत शिरला. १८ जून १९४८ च्या निर्देशाने छुप्या कारवायांना मान्यता मिळाली, १९५३ ला इराणमध्ये पंतप्रधान मोसद्देक यांची सत्ता गेली, १९५४ ला ग्वाटेमालात अध्यक्ष आर्बेन्झ यांची. कायद्याचा शब्द, त्याचा वाकवलेला अर्थ आणि त्यातून झालेली कृती, या तिन्ही पायऱ्या विद्यार्थ्याला कागदावर बोट ठेवून दाखवता येतात.

रॉचा असा कायदा नाही. ती सरकारच्या आदेशाने आली आणि आजही तिच्यासाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. गुप्तचर संस्थांचे अधिकार आणि नियमन यासाठी २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढे गेलं नाही. संसदेची एखादी समिती रॉच्या कामावर नजर ठेवते असंही नाही. त्यामुळे 'भूमिका' हा तुमच्या शीर्षकातला शब्द रॉच्या बाबतीत कृतींवरून ताडावा लागतो: १९७१ ला बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीला दिलेलं बळ, १९७५ ला सिक्कीमचं विलीनीकरण, पुढे श्रीलंका, अफगाणिस्तान, कारगिल.

ताडायला माझी हरकत नव्हती. इतिहासाच्या अभ्यासात ताडावं लागतंच. मला नडलं ते वेगळंच, आणि निवड ठरली ती त्याच्यामुळे.

एक उदाहरण जवळून पाहा. ३० जानेवारी १९७१. श्रीनगरहून जम्मूला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' नावाचं फॉकर विमान दोन काश्मिरी तरुणांनी लाहोरला पळवलं. प्रवासी सुखरूप परत आले, विमान तिथल्या विमानतळावर जाळण्यात आलं. भारताने लगेच आपल्या हद्दीवरून पाकिस्तानी विमानं जाण्यावर बंदी घातली. पश्चिम पाकिस्तानातून ढाक्याला जाणारी विमानं मग श्रीलंकेमार्गे लांबचा वळसा घालू लागली, आणि दोन महिन्यांच्या आत पूर्व पाकिस्तानात लष्करी कारवाई सुरू झाली. त्या हवाई बंदीचं महत्त्व कोणालाही कळेल.

आता प्रश्न असा: हे अपहरण कोणी घडवलं? पाकिस्तानच्या चौकशी आयोगाने भारताचा कट ठरवला. भारताने तो आरोप फेटाळला. निवृत्त झालेल्या आपल्या अधिकाऱ्यांपैकी कोणी सांगतं की ही कावांचीच योजना होती, कोणी त्या विषयाला हातही लावत नाही. पळवणाऱ्यांपैकी एकाने, पाकिस्तानी तुरुंगात वर्षं काढून आल्यावर, आपण भारताचे हस्तक नव्हतो असंच सांगितलं. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात टेबलावर ही सगळी निवेदनं शेजारी शेजारी उघडून मी बसलो होतो. तारखा जुळत होत्या, विमानाचं नाव जुळत होतं, आणि ज्या एका प्रश्नावर माझं प्रकरण उभं राहणार होतं तिथे प्रत्येकाची वाट वेगळी. कोण खरं बोलतंय हे ठरवायला लागणारा एकही कागद, एखादी टिपणी, एखादी तार, एखाद्या बैठकीचा वृत्तान्त, माझ्या हाताला लागत नव्हता. आठवणीशी आठवण ताडून पाहायची, एवढंच हातात.

हेच सगळीकडे होतं. सुरुवातीला रॉकडे अडीचशे माणसं आणि दोन कोटींचं बजेट होतं, हे वाक्य तुम्हाला प्रत्येक लेखात सापडेल. प्रत्येक लेख दुसऱ्या लेखाकडे बोट दाखवतो. मोरारजी देसाईंनी पाकिस्तानच्या झिया-उल-हक यांच्याशी फोनवर बोलताना त्यांच्या कहुटाच्या अणुकेंद्राबद्दल आपल्याला कळलंय हे सांगून टाकलं, ही गोष्टही तशीच फिरते. माजी पंतप्रधानांवर इतका गंभीर ठपका, आणि त्यामागे दाखवण्याजोगी नोंद नाही. विद्यार्थी ती गोष्ट प्रकल्पात घालतो, परीक्षक मान डोलावतात आणि ती आणखी एक पायरी पक्की होते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. मोरारजींसाठी वाटतं आणि रॉसाठीही वाटतं, कारण कागद बाहेर आले असते तर कावांच्या माणसांनी नेमकं काय कमावलं तेही ठामपणे लिहिता आलं असतं.

माहितीच्या अधिकारात विचारून पाहू, असं प्रत्येकाला वाटतं. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम २४ ने आणि दुसऱ्या परिशिष्टाने रॉला वगळलंय. अपवाद फक्त भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा. संस्थेच्या पहिल्या वर्षांच्या निव्वळ प्रशासकीय माहितीसाठी मी एका कार्यालयाकडे अर्ज केला होता. कलमाचा आकडा लिहिलेलं दोन ओळींचं उत्तर आलं, तेही मुदत उलटून गेल्यावर. आता तर आठवणींचा झराही आटत चाललाय. मे २०२१ मध्ये निवृत्तिवेतनाच्या नियमांत बदल झाला. गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या संस्थेच्या कामाशी संबंधित काही प्रसिद्ध करायचं तर आधी परवानगी लागते आणि तसं हमीपत्रही द्यावं लागतं. देशाच्या सुरक्षेचा विचार करता त्यामागची काळजी मी समजू शकतो. पण पन्नास वर्षांपूर्वीचे कागद बंद आणि माणसंही बंद, मग विद्यार्थ्याने जायचं कुठे? १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवालसुद्धा सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही.

आपल्या भागातल्या माणसाला हे विशेष जाणवतं. कारखान्याच्या काट्यावर ऊस घातला आणि वजनाची पावती न घेता घरी आला, असा शेतकरी पंचगंगेच्या खोऱ्यात सापडायचा नाही. तोंडी सांगितलेल्या वजनावर तो विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तो करवीर सरकारच्या गॅझेटात छापला, म्हणूनच आज कितीही वाद घातला तरी तो नाकारता येत नाही. उलट बहिर्जी नाईकांचं बघा. गावोगावच्या व्याख्यानांत त्यांच्या वेषांतरांचे प्रसंग रंगतात, समकालीन कागद मात्र अगदी मोजके. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल मला शंका नाही, पण त्यावर प्रबंध लिहायला बसा म्हणजे कळेल.

आता सीआयएकडे. जानेवारी २०१७ मध्ये या संस्थेने आपल्या खुल्या केलेल्या कागदांचा साठा इंटरनेटवर टाकला: सुमारे ९ लाख ३० हजार दस्तऐवज, सव्वा कोटीच्या आसपास पानं. त्याआधी ते पाहायचे तर अमेरिकेत राष्ट्रीय अभिलेखागारातल्या ठरावीक संगणकांपुढे जाऊन बसावं लागे. आता रंकाळ्याकाठच्या खोलीत मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडून बसलात तरी तेच पान उघडतं, पैसे न मोजता. १९६६ चा त्यांचा माहिती स्वातंत्र्याचा कायदा आणि पंचवीस वर्षांनी कागद आपोआप तपासणीला घेण्याचा नियम, या दोन्हींचं हे फळ.

ते पान दिसतं कसं तेही सांगतो. वर तिरका शिक्का: प्रसिद्धीस मंजूर, खाली तारीख, 'सीआयए-आरडीपी'ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक. टाइपरायटरची फिकट अक्षरं, मधेच कोणीतरी पेनने केलेली खूण. आणि जिथे माहिती देणाऱ्याचं नाव किंवा गाव असायला हवं, तिथे कोरा किंवा काळा चौकोन. शेजारी समासात '२५ एक्स १' अशी सूट कोणत्या नियमाखाली घेतली त्याची खूण. पहिल्या दिवशी त्या चौकोनांचा राग येतो. नंतर त्यांचंच मोल कळायला लागतं. काय लपवलंय ते कळत नसलं तरी कुठे लपवलंय, किती लपवलंय आणि कोणत्या कारणाने लपवलंय, हे दिसतं. पाच वर्षांनी तोच कागद पुन्हा खुला झाला की कधी कधी चौकोन आक्रसलेला असतो. रॉच्या बाबतीत आपल्याला चौकोनच दिसत नाही.

माझा काटा सीआयएकडे झुकला तो १९७१ मुळेच. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने दक्षिण आशियातल्या १९७१ च्या पेचप्रसंगावरचा दस्तऐवजांचा खंड २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अध्यक्ष निक्सन, त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर आणि सीआयएचे तेव्हाचे संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या बैठकींचे वृत्तान्त आहेत. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले, त्याच दिवशीच्या बैठकीत किसिंजर सांगतात की अध्यक्षांना पाकिस्तानच्या बाजूला झुकायचंय. चार दिवसांनी सीआयएचा अहवाल येतो: इंदिरा गांधींनी आपल्या मंत्रिमंडळापुढे युद्धाची उद्दिष्टं काय मांडली, त्याबद्दलचा. बांगलादेशची मुक्ती, पाकव्याप्त काश्मीरच्या दक्षिण भागातला प्रदेश घेणं, आणि पाकिस्तानचं रणगाडा व हवाई दल मोडून काढणं. ही माहिती कितपत खरी होती आणि दिल्लीतल्या कोणाकडून गेली, यावर आजही वाद आहे. पण त्या एका अहवालाने वॉशिंग्टनमधलं वातावरण कसं तापलं आणि निक्सन-किसिंजर पश्चिम पाकिस्तान वाचवायच्या भाषेत कसे बोलू लागले, हे दिवसागणिक वाचता येतं. २०१६ मध्ये निक्सन-फोर्ड काळातली अध्यक्षांसाठीची रोजची गुप्तवार्ता टिपणंही खुली झाली. म्हणजे त्या डिसेंबरात निक्सनसाठी सकाळी काय लिहून गेलं, तेही शेजारी ठेवून तपासता येतं.

गुप्तचर संस्थेची भूमिका म्हणजे काय, हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा त्या आठवड्याच्या कागदांनी जास्त शिकवलं. माहिती आणणं, तिची खातरजमा, ती वर पोचवणं, आणि वरच्या माणसाने आपल्याला हवं तेवढंच ऐकणं, हे चारही टप्पे तिथे वेगवेगळे दिसतात. आपल्याच युद्धाबद्दल हे अमेरिकी कपाटातून वाचावं लागतं याची बोच राहते, ती नाकारत नाही.

सीआयएची दुसरी जमेची बाजू म्हणजे तिच्यावर तिच्याच देशाने केलेली चौकशी. डिसेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केलं की देशांतर्गत काम करायचं नाही हे कायद्यातलं बंधन मोडून संस्थेने स्वतःच्याच नागरिकांवर पाळत ठेवली होती. जानेवारी १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. परदेशी नेत्यांच्या हत्येच्या कटांपासून टपाल फोडण्यापर्यंत सगळं तिने छापून ठेवलं, आणि तिच्या पाठोपाठ दोन्ही सभागृहांच्या कायम समित्या आल्या. १९४७ चा कायदा, १९७५ ची चौकशी, आणि मधली अठ्ठावीस वर्षं: प्रकल्पाची चौकट इथे आयतीच मिळते.

त्रास नाहीत असं नाही. पहिला म्हणजे पसारा. शोधायला जाता पूर्व पाकिस्तान, सापडतं इंडोनेशिया, आणि वाचनीय असल्यामुळे संध्याकाळ तिथेच जाते. जुन्या टंकलिखित पानांवर शब्दशोध नीट चालत नाही. गावांची स्पेलिंगं त्यांच्या पद्धतीची असतात, ती अंदाजाने टाकून पाहावी लागतात. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे: जे खुलं झालंय ते संस्थेनेच निवडून खुलं केलंय. इराणमधल्या १९५३ च्या कारवाईच्या बऱ्याच फायली साठच्या दशकातच नष्ट केल्या होत्या हे १९९७ मध्ये बाहेर आलं, आणि त्या उठावातला आपला हात सीआयएच्या खुल्या झालेल्या कागदात स्पष्टपणे दिसायला २०१३ उजाडलं. तेव्हा कागद आहे म्हणून तो पूर्ण सत्य, असं धरू नका. तिसरं, सगळं जग वॉशिंग्टनच्या खिडकीतून पाहायची सवय लागते. आपल्याकडची माणसं त्यात 'भारतीय सूत्र' होऊन येतात.

आणि हो, रॉ अगदीच सोडून द्या असं माझं म्हणणं नाही. तुम्हाला बांगला वाचता येत असेल, किंवा ढाक्यापर्यंत जाऊन मुक्तियोद्ध्यांशी बोलायची सोय असेल, तर तुमची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात १९७१ पाहिलेले माजी सैनिक आहेत, त्यांच्या मुलाखतींवर चांगलं काम होऊ शकतं. मीही तसा एका काकांकडे बसलो होतो. आघाडीवरचा चिखल, पूल, रात्रीची चाल त्यांना लख्ख आठवत होती, माहिती कुठून येत होती असं विचारल्यावर ते म्हणाले, "ते वरच्यांना ठाऊक, आम्हाला नकाशावर बोट दाखवायचे." म्हणजे लष्करी इतिहास मिळेल, रॉचा मिळेलच असं नाही.

रॉवर कागदाच्या आधारे लिहायचंच असेल तर एक वाट मोकळी आहे: कारगिल. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली जुलै १९९९ मध्ये समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला. त्यातला काही मजकूर सुरक्षेसाठी गाळलाय, पण बाकी छापील आणि अधिकृत आहे. रॉने काय कळवलं होतं, काय निसटलं, वेगवेगळ्या संस्थांकडची माहिती एकत्र का आली नाही, हे त्यात नाव घेऊन लिहिलंय. पर्ल हार्बरच्या चौकशांशी तो शेजारी ठेवून वाचला तर दुखणं किती सारखं आहे ते जाणवतं. त्यातूनच मंत्रिगटाच्या शिफारशी आणि पुढे संरक्षण गुप्तचर संस्था व तांत्रिक गुप्तवार्तेसाठीची एनटीआरओ आल्या. रॉच्या चाहत्या विद्यार्थ्याला मी हीच वाट सुचवतो, आणि 'मोहिमा' हा शब्द शीर्षकातून काढायला लावतो. मोहिमांचं शीर्षक घेतलं की प्रकल्प मुलाखतीतल्या किश्श्यांवर जातो, आणि तळटीपा घालायची वेळ आली की पंचाईत होते.

मी स्वतः सीआयए घेतली. माझ्या गाईडना ते फारसं रुचलं नव्हतं. आपली सोडून अमेरिकेची का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो गैर नव्हता. तुमच्याही मौखिक परीक्षेत तो येणार. माझं उत्तर तेव्हा जे होतं तेच आज आहे: रॉबद्दल मला जास्त आस्था आहे, पण सीआयएबद्दल लिहिलेलं माझं प्रत्येक वाक्य परीक्षकांना माझ्याशिवाय तपासता येतं. ज्याची आस्था वेगळी आणि वेळ भरपूर, त्याने वेगळं ठरवायला हरकत नाही. वर्षभराच्या प्रकल्पाला, आणि तेही कोल्हापुरातून, मला दुसरा पर्याय तितकासा जमेल असं वाटत नाही.

ठरवलंत तर विषय लहान ठेवा. 'सीआयएचा उगम आणि भूमिका' असं अख्खं शीर्षक देऊ नका. 'डिसेंबर १९७१ मधील सीआयएचं भारताविषयीचं आकलन' एवढं पुरे. उगमाचं प्रकरण १९४७ च्या कायद्याच्या पाच कलमांवरच लिहा. मग २००५ चा तो खंड उघडा, ३ ते १६ डिसेंबरची पानं आधी काढा, त्याच तारखांची रोजची टिपणं शेजारी ठेवा, आणि प्रत्येक कागदाचा क्रमांक पहिल्या दिवसापासून वहीत लिहीत जा. नंतर तोच कागद पुन्हा शोधताना फार वेळ जातो. शेवटचं प्रकरण रॉवर ठेवा, कारगिल अहवाल आणि २०११ च्या विधेयकाच्या आधाराने. करवीर नगर वाचन मंदिरात १९७१ च्या मराठी वर्तमानपत्रांचे अंक पाहायला मिळतात का, तेही विचारून या. वॉशिंग्टनमध्ये ज्या दिवशी जे लिहिलं गेलं, त्याच दिवशी आपल्याकडे काय छापून आलं होतं, ही तुलना अजून कोणी करून आणलेली मी पाहिलेली नाही.